स्ट्रॉबेरीचा उजाड वाफा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाबळेश्वर-पाचगणीहून परतताना गाडीच्या डिकीतून स्ट्रॉबेरीची पाच-दहा रोपं घरी येतात. पहिल्या हिवाळ्यात वाटीभर फळं मिळतात आणि घरात कौतुक होतं. मग मार्चचं ऊन लागतं, मे महिन्यात घर बंद राहतं, जूनपासून पाऊस झोडपतो. पुढच्या दिवाळीला वाफ्याकडे लक्ष जातं तेव्हा तिथे हरळी आणि लव्हाळा माजलेला असतो आणि त्यात ठिपकेदार पानांची, एकमेकांत गुंतलेली स्ट्रॉबेरी कशीबशी तग धरून असते. फूल औषधालाही नसतं.

सल्ल्यांना मात्र तोटा नसतो. शेजारचे काका मूठभर युरिया टाकायला सांगतात, मोबाईलवरचा व्हिडिओ सगळी पानं भादरायला सांगतो, कुणी चहाचा चोथा सुचवतं, कुणी रोपं ‘नर’ निघाली म्हणून उपटायला सांगतं. यातले बरेच सल्ले कुठल्यातरी देशात, कुठल्यातरी काळात बरोबर होते. आपली माती, आपला उन्हाळा आणि आपला पाऊस यांच्याशी मात्र त्यांची गाठ पडलेली नाही.

‘खत-पाणी दिलं की जुनं रोप पुन्हा धरतं’

हा सगळ्यांत मोठा गैरसमज आहे आणि बाकीचे बहुतेक यातूनच निघतात. रोप जिवंत आहे, पानं हिरवी आहेत, म्हणजे फळ यायलाच हवं, असं आपण गृहीत धरतो. ते का चुकतं हे कळण्यासाठी रोपाचा गड्डा एकदा नीट बघायला हवा.

स्ट्रॉबेरीचं खोड दिसत नाही, कारण ते दोन-तीन सेंटिमीटरमध्ये दाबून बसवलेलं असतं. पानांचे देठ जिथे एकत्र येतात तो मातीलगतचा गड्डा म्हणजेच हे खोड. पानं, फुलांचे झुबके, रनर (जमिनीवर सरपटत जाणारे धुमारे) आणि मुळं, सगळं त्यातूनच निघतं. दर हंगामात गड्डा वरच्या टोकाला वाढतो आणि नवी मुळं या नव्या भागातून, म्हणजे जुन्या मुळांच्या वर फुटतात. त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत गड्डा मातीच्या वर उचलला जातो. नवी मुळं उघड्या हवेत फुटतात आणि मातीला टेकण्याआधीच वाळतात. खालची जुनी मुळं काळी, लाकडासारखी कडक होतात. वरून झुपकेदार दिसणारं रोप खाली मोजक्या जुन्या मुळांवर टांगलेलं असतं. खत घेणारं मूळच नसेल तर खत कितीही चांगलं असो, ते कुणी उचलायचं?

वय वाढतं तशा गड्ड्यालाही फांद्या फुटतात. फुलांचे झुबके वाढतात, पण फळ बारीक होत जातं. त्यात मावा एका रोपाचे विषाणू दुसऱ्यावर नेतो, मातीत बुरशी आणि सूत्रकृमी साठत जातात. थंड देशांत स्ट्रॉबेरीचा वाफा साधारण तीन-चार वर्षं ठेवतात आणि तिथेही उत्पन्न दरवर्षी उतरत जातं.

महाबळेश्वरचा शेतकरी तर एवढाही थांबत नाही. तिथे स्ट्रॉबेरी हे एका हंगामाचं पीक आहे. परदेशातून आणलेली मातृरोपं उन्हाळ्याच्या शेवटी रोपवाटिकेत लावली जातात. वाईकडचा भाग यासाठी सोयीचा, कारण महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. पावसाळाभर या मातृरोपांना रनर फुटतात, त्यांवर धरलेली लहान रोपं, म्हणजे पिलं, सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यावर लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फळ देऊन मोकळी होतात. पुढच्या वर्षी पुन्हा नवी रोपं. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या पिकाचं सगळं वेळापत्रक ‘रोप दरवर्षी नवं’ या एका गोष्टीवर उभं आहे.

घरच्या वाफ्यालाही हेच लागू होतं. वाफा जगवायचा म्हणजे त्यातली पिलं जगवायची. जुन्या रोपाकडून शेवटचं एक काम करून घ्यायचं, पिलं द्यायचं, आणि मग त्याला रजा द्यायची.

जुनं रोप त्या कामाचं तरी उरलं आहे का, हे एक रोप उपटून कळतं. गड्डा उभा कापा. आतला भाग पांढरट असेल तर रोप निरोगी. तांबूस-तपकिरी पट्टे दिसले तर कुज आत शिरली आहे आणि अशा रोपाची पिलं घेण्यात अर्थ नाही. मुळांना पांढरी टोकं दिसली तर उत्तमच. सगळी मुळं काळी पडून बोटांत चुरत असतील तर रोप संपलं आहे. वर उचलले गेलेले निरोगी गड्डे वर्षभर चालवायचे असतील तर त्यांच्या भोवती दोन बोटं कुजलेलं खत आणि माती चढवावी, म्हणजे वरच्या नव्या मुळांना आधार मिळतो. गड्ड्याच्या मधला कोंब मात्र उघडाच राहिला पाहिजे. तो मातीखाली गेला की सडतो.

‘रनर जितके जास्त, तितकी फळं जास्त’

दुर्लक्षित वाफा असा गुंतलेला दिसतो त्याचं कारण रनरच असतात. प्रत्येक रनरवर एक पेर सोडून दुसऱ्या पेरावर पिलू धरतं, तिथून पुढचा रनर निघतो, त्यावर पुन्हा पिलू. पिलाची मुळं धरेपर्यंत त्याला आई पोसते. म्हणजे फळाच्या हंगामात रनर सुटू दिले तर फळाला जायचं अन्न पिलांकडे वळतं. शिवाय वीतभर जागेत आठ-दहा रोपं दाटली की वारा फिरत नाही, पानं ओली राहतात आणि करडी बुरशी फळावर बसते.

म्हणून नोव्हेंबर ते मार्च रनर दिसला की कात्रीने कापायचा. जुलै-ऑगस्टमध्ये तोच जपायचा. जोमदार, ठिपके-सुरकुत्या नसलेलं मातृरोप निवडायचं, त्यावर चुकून फूल आलं तर खुडायचं आणि रनरवरचं पहिलं-दुसरं पिलू माती-कोकोपीट-गांडूळखत भरलेल्या छोट्या पिशवीवर टेकवायचं. तारेच्या आकड्याने किंवा एखाद्या खड्याने ते हलकेच दाबून धरलं की पुरे. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात, मग आईशी जोडणारी नाळ कापायची. रनरच्या टोकाकडची तिसरी-चौथी पिलं लहान आणि उशिराची असतात. त्यांचा मोह सोडलेला बरा.

ऑक्टोबरात ही पिलं वाफ्यात लावताना दोन रोपांत सुमारे तीस सेंटिमीटर अंतर हवं. घरच्या बागेत एवढी मोकळी माती बघवत नाही, मध्ये एक रोप खुपसावंसं वाटतं. खुपसू नये.

‘जुलैमध्ये सगळी पानं छाटली की वाफा नवा होतो’

हा सल्ला खोटा नाही, परका आहे. अमेरिका-युरोपच्या थंड भागात स्ट्रॉबेरीचं फळ जूनच्या आसपास संपतं. त्यानंतर लगेच पानं गड्ड्याच्या थोडी वरून कापतात, ओळी अरुंद करतात, खत देतात. रोगट पानं निघून जातात, रोप उन्हाळ्यात नवी पानं काढतं, शरदात गड्ड्याच्या आत पुढच्या वर्षीच्या फुलांचे कोंब तयार होतात, मग रोप बर्फाखाली झोपतं आणि वसंतात फुलतं. सगळी साखळी तिथल्या ऋतूंना धरून आहे.

आपल्याकडे जुलैमध्ये पाऊस धो-धो कोसळत असतो. तेव्हा पानं भादरली तर कापलेल्या देठांच्या जखमा ओल्याच राहतात आणि बुरशी सरळ गड्ड्यात उतरते. ज्या महिन्यांत रोपाने पिलांना पोसायचं, त्याच महिन्यांत त्याची पानं काढून घेणं म्हणजे कामकऱ्याचे हात बांधणं. ‘फळ संपल्यावर छाटा’ हा नियम आपल्या महिन्यांना लावून एप्रिलमध्ये कात्री चालवली तर उघड्या गड्ड्यावर वैशाखाचं ऊन पडतं.

आपल्याकडची डागडुजी वर्षभरात विभागून करावी लागते. एप्रिल-मे मध्ये रोपांवर हिरवी शेडनेट आणि मातीत ओल टिकवायची. या काळात उद्दिष्ट एवढंच की मातृरोप जिवंत राहावं. जूनमध्ये थेट पावसाचा मारा आणि साचणारं पाणी यांपासून त्याला वाचवायचं. कुंडी असेल तर पत्र्याच्या कडेखाली सरकवणं सोपं, वाफा असेल तर तो जमिनीपासून वीतभर उंच हवा. वाळलेली आणि जांभळ्या-लाल ठिपक्यांची पानं मात्र कधीही काढावीत आणि वाफ्यातच न टाकता लांब फेकावीत. जुलै-ऑगस्ट पिलांचा, सप्टेंबर वाफा तयार करण्याचा, ऑक्टोबर लागवडीचा. यात दांडी मारायला खरं तर एकच महिना मोकळा आहे, नोव्हेंबर, आणि तेव्हाही पाणी द्यावं लागतंच, रनर कापावे लागतातच.

‘नुसती पानं येतात, म्हणजे रोप नर आहे’

हा गैरसमज ऐकायला पपईवरून आल्यासारखा वाटतो, पण स्ट्रॉबेरीच्या बाबतीत त्याला खरा इतिहास आहे. १७१४ मध्ये आमेदे फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी अभियंता चिलीहून मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीची पाच रोपं घेऊन फ्रान्सला परतला. रोपं वाढली, फुलली, पण फळ धरेना. चिलीच्या त्या जातीत नर आणि मादी रोपं वेगळी असतात, आणि फ्रेझिएने फळांनी लगडलेली रोपं निवडून आणल्यामुळे ती सगळी मादी होती. पुढे उत्तर अमेरिकेतून आलेली व्हर्जिनियाची स्ट्रॉबेरी त्यांच्या शेजारी लागली, तिचा पराग मिळाला, आणि फळ तर धरलंच, शिवाय त्यांच्या बियांतून एक नवाच संकर उगवला. आंत्वान निकोला द्युशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ मध्ये हे कोडं लिहून उलगडलं. जगभर आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी या दोन अमेरिकी जातींची युरोपात झालेली लेक आहे.

आज मिळणाऱ्या जातींची फुलं द्विलिंगी असतात. ‘स्वीट चार्ली’, ‘विंटर डॉन’, ‘कॅमारोसा’ यांपैकी कुठलंही रोप नर निघणार नाही. फूलच येत नसेल तर कारण दुसरीकडे शोधावं. गड्ड्याला फुलाचा कोंब धरायला थंडावा लागतो, त्यामुळे ऐन उष्म्यात फूल येत नाही. मूठभर युरिया पडला असेल तर रोप पानांतच रमतं, त्यातून पान लुसलुशीत होतं आणि मावा त्यावर ताव मारतो. सावली हे तिसरं कारण: दिवसाला सहा तास तरी थेट ऊन नसेल तर पानं मोठी आणि फुलं तुरळक. आंब्याखालचा वाफा हिवाळ्यात फळावर आणायचा तर तो आधी आंब्याखालून हलवावा लागेल.

एक शक्यता मात्र तपासून बघा. फुलं पिवळी असतील आणि बारीक लाल फळ बेचव लागत असेल तर ती स्ट्रॉबेरी नव्हेच. ती तिची आशियाई नातेवाईक आहे, दिसायला हुबेहूब, आणि हक्काने जमीन व्यापणारी. खऱ्या बागायती स्ट्रॉबेरीचं फूल बहुधा पांढरं असतं, शोभेच्या काही जातींत गुलाबी; पिवळं कधीच नसतं.

‘स्ट्रॉबेरीला आंबट माती लागते, चहा-कॉफी-लिंबू घाला’

पहिला अर्धा भाग बरोबर. साधारण साडेपाच ते साडेसहा सामू (पीएच) असलेली, किंचित आम्ल माती तिला मानवते. महाबळेश्वरची लाल जांभ्याची माती मुळात आम्लच. देशावरच्या काळ्या जमिनीचा सामू साडेसातच्या वर असतो, त्यात चुनखडी असते. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उजाड वाफ्यात हे लक्षण दिसलं की लोक नत्र कमी पडलं असं समजून पुन्हा युरिया टाकतात. नत्राच्या कमतरतेत आधी जुनी पानं पिवळी पडतात, लोहाच्या कमतरतेत नवी. एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच नुकसान टळेल.

आता दुसरा अर्धा भाग. कॉफीतलं आम्ल कपात उतरतं; उरलेला चोथा जवळजवळ उदासीन असतो. चहाचा चोथा कुजल्यावर सेंद्रिय खत म्हणून चांगला आहे, तेवढंच. तो साखर-दुधासह घातला तर मुंग्या येतात हा आणखी वेगळा लाभ. लिंबाचा रस आणि व्हिनेगर चुनखडीच्या जमिनीत जिरून जातात, सामू पुन्हा होता तिथे येतो, आणि दरम्यान कोवळी मुळं भाजून निघतात. गंधकाने सामू उतरतो, पण चुनखडीच्या जमिनीत तेही संथ आणि न संपणारं काम आहे. घरच्या पाच-पन्नास रोपांसाठी काळ्या मातीशी झुंजण्यापेक्षा लाल माती, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट यांचा उंच वाफा किंवा कुंड्या करणं शहाणपणाचं. पिवळ्या पडलेल्या रोपांना तात्पुरता उपाय म्हणून कृषी सेवा केंद्रात मिळणारं चिलेटेड लोह देता येतं. चुनखडीच्या जमिनीत त्यातलं ईडीडीएचए प्रकारचंच उपयोगी पडतं.

सामूवर इतकी चर्चा होते, पण मिठाकडे कुणी बघत नाही. स्ट्रॉबेरी हे क्षारांना सर्वांत नाजूक असलेल्या पिकांपैकी एक. जमिनीच्या अर्काची क्षारता १ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की तिचं उत्पन्न घटू लागतं, टोमॅटो २.५ पर्यंत तक्रार करत नाही. बोअरचं मचूळ पाणी, कोंबडखत, अर्धवट कुजलेलं शेण आणि ‘जरा जास्तच घातलेलं’ रासायनिक खत हे सगळं त्यात भर घालतं. पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी होत असतील तर खत थांबवा आणि शक्य असेल तर पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं पाणी द्या. बंगल्यांच्या बागांमधली कित्येक रोपं उपासमारीने मरत नाहीत, अतिपोषणाने मरतात.

काही किरकोळ गोष्टी

वेडंवाकडं फळ आलं की ‘इंजेक्शन दिलेलं’ किंवा ‘रोग पडला’ असं म्हणतात. स्ट्रॉबेरीच्या अंगावरची प्रत्येक बी हे खरं तर वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकेक स्वतंत्र फळ आहे आणि त्याखालचा लाल गर म्हणजे फुलाची फुगलेली बैठक. ज्या बीला पराग मिळाला तिच्या भोवतीच गर फुगतो. मधमाश्या कमी असल्या, किंवा माकडं-बुलबुलांसाठी टाकलेली जाळी फार बारीक असली, की फळ एका अंगाने बसकं राहतं. ऊन वर आल्यावर फुलांवरून मऊ कुंचला गोल फिरवला तरी फरक पडतो.

अर्धवट लाल फळ तोडून डब्यात ठेवलं तर ते केळ्यासारखं पिकत नाही. रंग थोडा चढेल, गोडी वाढणार नाही. पूर्ण लाल झालं की सकाळी, देठासकट तोडायचं.

फळातून काढलेलं बी उगवतं, पण त्यातून आईसारखं रोप मिळत नाही, कारण ती संकराची लेकरं. ऑनलाइन मिळणाऱ्या ‘निळ्या स्ट्रॉबेरी’च्या बियांबद्दल एवढंच सांगता येईल की निळी स्ट्रॉबेरी अस्तित्वात नाही.

भाताचा पेंढा किंवा वाळलेली पानं अंथरणं उत्तम. फळ मातीला टेकत नाही आणि ओल टिकते. ते गड्ड्यापासून चार बोटं लांब ठेवावं आणि पावसाळ्याआधी काढून टाकावं, नाहीतर गोगलगाईंची सोय होते. मार्चमध्ये पानं पांढुरकी, धुळकट दिसू लागली तर पान उलटून बघा. बारीक जाळी असेल तर लाल कोळी आहे. पानाच्या खालच्या बाजूला जोरात पाणी मारणं हा पहिला उपाय.

आणि वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा जिथे नुकते होते त्या जागी स्ट्रॉबेरी लावू नये. मर रोगाची एक बुरशी या सगळ्यांना सामाईक आहे आणि ती मातीत वर्षानुवर्षं टिकते.

वाफा ठेवायचा की मोडायचा?

हरळीचा वाफा हाताने साफ होतो, वेळ लागतो एवढंच. स्ट्रॉबेरीची बहुतेक मुळं वरच्या पंधरा-वीस सेंटिमीटरमध्ये असतात, त्यामुळे खुरपं खोल घालू नये. लव्हाळ्याचं मात्र वेगळं. त्याच्या गाठी खोल असतात, खुरपल्याने तुटून उलट वाढतात. एप्रिल-मे मध्ये माती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार-सहा आठवडे तापवली तर बुरशी, सूत्रकृमी आणि तणांचं बी बरंच कमी होतं. लव्हाळा तरीही पुन्हा डोकं काढतो. लव्हाळ्याने भरलेला वाफा स्ट्रॉबेरीसाठी सोडून द्यावा आणि पिलं नव्या जागी न्यावीत.

पानं सुरकुतलेली, खुजी, कडा पिवळट आणि रोपं वर्षागणिक लहान होत असतील तर तो विषाणू असण्याची शक्यता मोठी. त्यावर औषध नाही. अशा रोपांची पिलंही आजारी निघतात. ती सगळी उपटून कचऱ्यात द्यावीत, खतखड्ड्यात टाकू नयेत, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला खात्रीच्या रोपवाटिकेतून नवी रोपं घ्यावीत. डिसेंबरातल्या सहलीत घेतलेल्या रोपाच्या हाती उन्हाळ्याआधी जेमतेम दोन-तीन महिने उरतात. ऑक्टोबरात लावलेल्याला त्याच्या जवळजवळ दुप्पट काळ मिळतो.